पाठ टेकली की नाही

मी जुजुत्सू शिकायला गेले ते निरोगी राहायला नाही, आणि शिस्तबिस्त लागावी म्हणून तर मुळीच नाही. मला माणसांना दुखवायला शिकायचं होतं. नसरापूरच्या ज्या औषधाच्या दुकानात मी काम करते, तिथे एका संध्याकाळी एका गिऱ्हाइकाने गोळ्यांची पट्टी घेता घेता माझं मनगट धरलं आणि हसत उभा राहिला. मला ते सोडवता येईना. दुकानाचे मालक मागेच बसले होते. ते वर पंख्याकडे बघत राहिले, जणू पंखाच बिघडलाय. कंटाळल्यावर त्या माणसाने आपणहून हात सोडला. त्याच आठवड्यात मी भोरला जाणारी एस.टी. धरली आणि वर्गात नाव घातलं.

वर्ग रविवारी सकाळी एका मंगल कार्यालयाच्या मागच्या हॉलमध्ये भरायचा. लग्नसराईत तिथून आमची उचलबांगडी व्हायची. मग आम्ही नीरेच्या काठी गवतावर सराव करायचो आणि कपडे धुणाऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. शिकवणारे सर भोरचेच. दिवसभर मोटरसायकलच्या सुट्या भागांचं दुकान चालवायचे. तरुणपणी पुण्यात राहून ही जपानी विद्या शिकले होते, आणि ती शिकताना त्यांनी जे जे सोसलं ते सगळं आमच्याकडून व्याजासकट वसूल करायचं, असं त्यांनी ठरवलेलं दिसत होतं. पहिले कित्येक महिने आम्हाला फक्त पडायला शिकवलं. मागे पडा, पुढे पडा, खांद्यावरून लोळा. डोकं जमिनीला लागलं की सर जवळ येऊन विचारायचे, लागलं का? हो म्हटलं की म्हणायचे, मग परत पड. माझ्या पाठीवरचे काळेनिळे डाग बघून आई हळदीचा लेप लावायची आणि लेप लावताना मला शिव्या घालायची.

पडणं अंगात मुरल्यावर कुलुपं आली. सांध्याला धरून अशा बाजूला वळवायचं, की जिकडे तो वळत नाही. मनगट, कोपर, खांदा. सर त्याला कुलूपच म्हणायचे. माणसाचं अंग किती सोपं आहे हे तेव्हा कळतं. मोठमोठ्या बाता मारणारा दणकट गडी दोन बोटांच्या जोरावर गुडघे टेकतो. मला ते फार आवडलं. उगाच खोटं कशाला बोलू?

या सगळ्याला नियम एकच होता, तो थापेचा. दुखण्याच्या पलीकडे जायला लागलं, की ज्याला कुलूप बसलंय त्याने मोकळ्या हाताने गादीवर किंवा समोरच्याच्या अंगावर थाप मारायची. थाप आली की तत्काळ सोडायचं. थाप आली नाही तर सोडायचं नाही. सगळा विश्वास या एका गोष्टीवर चालतो. मी तुझा हात मोडण्याच्या टोकापर्यंत नेणार आणि टोक कुठे आहे ते तू मला सांगणार.

एकदा एक नवी मुलगी माझ्या हाताखाली रडायला लागली. थाप मारायचं तिला सुचेना. मला दया आली आणि मी सोडलं. सरांनी ते पाहिलं. त्यांनी मला वर्ग संपेपर्यंत भिंतीकडे तोंड करून गुडघ्यांवर बसवलं, आणि शेवटी सगळ्यांसमोर बोलावून तेच कुलूप माझ्या हाताला लावलं. मी थाप मारली. त्यांनी ती ऐकली, आणि तरीही जरा थांबले. मग सोडलं. म्हणाले की दयेने सोडलंस तर तिला वाटेल आपण सुटलो, आणि खरोखरची वेळ येईल तेव्हा ती मरेल. माझा खांदा पुढे बरेच दिवस दुखत होता. सर क्रूर होते, पण मी ते शिकले. तेव्हापासून थाप आल्याशिवाय माझे हात सुटत नाहीत. मी ठरवून असं करत नाही, हातच सोडत नाहीत.

माझा जोडीदार आला तो दुसऱ्या वर्षी. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला डोंगरात त्याची वाडी, घरी शेळ्या आणि दोन-चार गुरं. माझ्याच वयाचा, वजनालाही बरोबरीचा, म्हणून सरांनी आमची जोडी लावली. तो तालमीत वाढलेला होता. त्याचे वडील एकेकाळी यात्रांच्या कुस्त्या मारणारे, वेल्हे-मार्गासनी पट्ट्यात त्यांचं नाव अजूनही निघतं. पोराने पैलवान व्हावं म्हणून त्यांनी त्याला लहानपणापासून मातीत घोळवलं होतं. पण तो पैलवान झाला नाही. त्याला पोलीस व्हायचं होतं. भरतीसाठी पळायचा, गोळा फेकायचा, पुस्तकं घेऊन शेळ्यांमागे जायचा. दोनदा थोडक्यात हुकला होता. पोलिसात गेल्यावर उपयोगी पडेल म्हणून तो आमच्या वर्गात आला.

सुरुवातीला तो शिकवायला फार कठीण गेला, आणि त्याचं कारण कुस्तीच होतं. कुस्तीत एकच गोष्ट मोजतात, पाठ जमिनीला लागली की नाही. पाठ टेकली, दोन्ही खांदे लागले, की चीत. खेळ संपला. तोपर्यंत बोटं मोडोत, कान फाटो, काही बिघडत नाही. त्यामुळे तालमीतल्या पोराला पाठीवर पाडलं, की त्याच्या अंगात वीज शिरते. मानेवर जोर देऊन कंबर उचलतो आणि पालथा होतो. विचार करून नाही, शिंक यावी तसा. आमच्याकडे याच्या नेमकं उलट. पाठीवर पडणं म्हणजे काहीच नाही, पाठीवर तर आम्ही सकाळभर पडायचो. पण कोपराला कुलूप बसलेलं असताना पालथं व्हायचा प्रयत्न केला, तर शरीर वळतं आणि हात मागे राहतो. सरांनी त्याची ही खोड मोडायला त्याला काय काय केलं ते मी पाहिलं आहे. छातीवर पाय देऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, पडून राहा, मुडद्या, पडून राहा.

हळूहळू तो शिकला. पडून राहायला शिकला, थाप मारायला शिकला. माझ्या हाताखाली तर त्याने इतक्या थापा मारल्या, की नंतर आम्ही दोघंही त्यावर हसायचो. तो म्हणायचा, तुझं कोपराचं कुलूप बसलं की मला आमची मेलेली आजी दिसते. आमच्यात बाकी काही नव्हतं. लोकांनी बरंच जोडून पाहिलं, पण नव्हतं. एकमेकांचा हात मोडण्याच्या टोकापर्यंत दर रविवारी नेणाऱ्या दोन माणसांत जे असतं ते होतं, आणि त्याला मराठीत नाव नाही.

मग पुन्हा भरती निघाली. वयाच्या अटीत बसणारी त्याची ही शेवटचीच. महिन्याभराने मैदानी चाचणी होती. पळण्यात तो पहिल्या ओळीत यायचा आणि गोळा तर इतका लांब टाकायचा, की या वेळी त्याचं काम होणार हे आम्ही सगळे धरूनच चाललो होतो. नेमकं त्याच सुमारास सरांनी कमरेच्या पट्ट्याचा रंग बदलायची परीक्षा आणि तिला जोडून प्रात्यक्षिक ठेवलं. घरच्यांना बोलवा म्हणाले. मी त्याला म्हटलं, तू या वेळी राहू दे, भरती होऊ दे. तो म्हणाला, आमचं म्हातारं येतंय. आजपर्यंत कधी बघायला आलं न्हाई. ऐकेचना.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी त्याचे वडील आले. वेल्ह्याहून नसरापूर, तिथून भोर, असे दोन एस.ट्या बदलून आले होते. अंगापिंडाने अजून ताठ, कान पैलवानाचे, चुरगळलेले. गालात तंबाखू. जोडीदाराने माझी ओळख करून दिली. ही माझ्यासंगं असती, म्हणाला. म्हाताऱ्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, कुठल्या तुमी? मी म्हटलं, कामथडीची. ते म्हणाले, कामथडीत कुणाच्या? हा प्रश्न आमच्याकडे कशासाठी विचारतात ते सगळ्यांना माहीत असतं. मी सांगितलं, बौद्धवाडीतली.

"असं व्हय," म्हातारा म्हणाला, आणि नजर माझ्यावरून काढून भिंतीवर नेली. मग पोराकडे वळून, मी तिथे नसल्यासारखं विचारलं, "आन् ही तुला पाडती?"

जोडीदार हसला. ते हसणं मला आवडलं नाही. तो म्हणाला, तसं न्हाई आप्पा, ते ठरल्यालं असतंय. ठरलेलं असतं! माझी कानशिलं तापली. त्या दिवशी मी त्याला नेहमीपेक्षा जोरात फेकलं. फेकताना मला बरं वाटलं, हेही सांगून टाकते.

आमची पाळी आली. हॉलच्या कडेने प्लास्टिकच्या खुर्च्या, त्यांवर आया, मामा, बहिणी, प्रत्येकाच्या हातात मोबाईल. आम्ही वाकून नमस्कार केला. त्याने लाकडी सुरी घेऊन माझ्यावर यायचं, मी मनगट धरून त्याला कंबरेवरून टाकायचं, आणि पडल्या पडल्या त्याचा हात दोन्ही मांड्यांत धरून कोपराला कुलूप लावायचं, एवढंच होतं. शेकडो वेळा केलेलं. तो आला, मी वळले, तो उडाला आणि धाडकन गादीवर आदळला. लोकांनी आ केला. मी बसले, पाय त्याच्या छातीवरून टाकले, मनगट छातीशी धरलं. कुलूप बसलं. कोपरावर ताण यायला मला कंबर उचलावी लागते, ती मी अजून उचलली नव्हती. आता फक्त त्याने थाप मारायची होती.

थाप आली नाही.

मी थांबले. जरासा ताण दिला, त्याला कळावं म्हणून. त्याचं तोंड मला दिसत होतं. तो माझ्याकडे बघत नव्हता, मान वळवून खुर्च्यांकडे बघत होता. मी हळूच म्हटलं, थाप मार. तो हलला नाही. मी पुन्हा म्हटलं. तेवढ्यात मला त्याच्या मानेतला जोर कळला. त्याची कंबर उचलली गेली आणि माझ्या लक्षात आलं, की हा आता आमच्या गादीवर नाही, हा वेल्ह्याच्या मातीत आहे. मी त्याचं नाव घेऊन ओरडले. तो अख्ख्या अंगाने पालथा झाला आणि हात माझ्याजवळ राहिला.

आवाज मोठा नव्हता. ओली शेंग मोडावी तेवढाच. पण तो माझ्या मांडीत शिरला आणि अजून तिथेच आहे.

तो पालथा पडून होता, तोंड गादीत. ओरडलासुद्धा नाही. सर पुढे आले, हाताकडे पाहिलं आणि खुर्च्यांकडे वळून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, की थाप न मारणाऱ्याचं काय होतं ते सगळ्यांनी नीट बघून घ्या. मग मला म्हणाले, जोडीदाराला नमस्कार कर. मी त्याच्या पाठीला वाकून नमस्कार केला. एवढ्यात दाराच्या बाजूने म्हातारा वहाणा घालूनच गादीवर आला. त्याला कुणी अडवलं नाही. मला वाटलं तो पोराचा हात हातात घेईल. तो वाकला, पोराच्या पाठीवर पंजा फिरवला, गादीला पाठ लागली होती का ते जणू चाचपून बघत होता, आणि उठून लोकांना म्हणाला, "पालथा हाय. बगा. पाठ न्हाई लागली."

पोराला भोरच्या दवाखान्यात नेलं, तिथून पुण्याला. कोपरात स्टीलची पट्टी आणि खिळे घातले. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की हात पुन्हा सरळ होणार नाही, आणि तो झालाही नाही. आजही तो काहीतरी मागत असल्यासारखा अर्धा वाकडा राहतो. मैदानी चाचणीला तो तरीही गेला. डाव्या हाताने गोळा टाकला. तो कुठे पडला ते त्याने मला सांगितलं नाही, दुसऱ्या एकाने सांगितलं, आणि ते इथे लिहायची माझी इच्छा नाही. वयाची अट संपली. आता तो शेळ्या राखतो आणि बाजाराच्या दिवशी वेल्ह्यात कुणाच्या तरी टेम्पोत माल चढवतो, डाव्या हाताने.

मी वर्ग सोडला नाही. लोकांना वाटलं होतं मी सोडेन. सरांनी मला दुसरा जोडीदार दिला. तो कोपराला हात लागायच्या आधीच थाप मारतो. त्याचा मला वीट येतो.

इकडे मोबाईलवरचं ते चित्रण मात्र वाडीवस्तीवर फिरत राहिलं. वेल्ह्याच्या बाजारात पोरं ते नेमकं एका जागी थांबवायची. तो पाठीवर, मी वर. एका बाईनं पैलवानाच्या पोराला अस्मान दाखवलं, म्हणायची, आणि कुठली बाई तेही म्हणायची. म्हातारा प्रत्येक चहाच्या टपरीवर भांडायचा. पाठ लागली नाही, पोरगा पालथा होता, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय. ते मोबाईलवरचं दाखवायला गेलं तर म्हणायचा, त्यात काय बी करत्यात, कुणाचं तोंड कुणाला लावत्यात. एकदा तर त्याने एका पोराच्या हातातून मोबाईल हिसकून फेकला.

आणि मग एका दुपारी तो माझ्या घरी आला. बौद्धवाडीत. बरोबर पोरगाही होता, तो आत आला नाही, बाहेरच्या पायरीवर बसला. मी त्याला त्या दिवसानंतर पहिल्यांदाच पाहत होते. तो बारीक झाला होता. माझ्याकडे बघून त्याने मान हलवली, तेवढंच.

आईने म्हाताऱ्याला पाणी दिलं. त्याने तांब्या तोंडाला लावून ते सगळं प्यायलं. चहा दिला, तोही प्याला. गरज होती ना त्याला. मग तो मुद्द्यावर आला. येत्या बाजाराला मी वेल्ह्याला यावं, चार माणसं बसलेली असतील, त्यांच्यासमोर खरं काय ते सांगावं. म्हातारा म्हणाला, "तू वर हुतीस. तुज्याइतकं जवळनं कुणी बगितलं न्हाई. तू सांगितलंस की लोक गप बसत्याल. पोरी, पाठ टेकली का न्हाई?"

आवाजात विनंती होती. एवढा ताठ माणूस, पण हात जोडलेलेच होते म्हणा. मी दाराबाहेर पाहिलं. पोरगा वाकडा हात मांडीवर ठेवून रस्त्याकडे बघत होता. आल्यापासून म्हाताऱ्याने त्या हाताचं नाव काढलं नव्हतं. किती दुखतो, काय करता येतं, पुढे कसं होणार, काही नाही. फक्त पाठ. नाही टेकली, एवढं म्हटलं असतं तर तो सुखाने गेला असता, आणि पोरालाही घरात जरा सुख लागलं असतं. कोणाचं काही गेलं नसतं. मला ते कळत होतं, आणि कळत असूनही माझं डोकं फिरलं.

"टेकली," मी म्हटलं. "पडल्या पडल्या टेकली, बाबा. दोन्ही खांदे. सपशेल. हात मोडला तो त्याच्यानंतर."

आई आतून माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होती. म्हातारा तोंड उघडं ठेवून बसला. मग त्याने बाहेर पोराकडे पाहिलं. पोराने न वळताच सांगितलं, "मला ठावं हुतं."

"ठावं हुतं, तर उलाटलास कशाला?"

पोरगा आता वळला. त्याच्या तोंडावर राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "तुमी उठला. म्या पडून बगतो तर तुमी खुर्ची सोडून दाराकडं निगाला हुता. मला वाटलं, बाप चालला."

म्हाताऱ्याने टोपी काढली, पुन्हा घातली. मग माझ्याकडे न बघता, आईकडे न बघता, खाली फरशीकडे बघत तो म्हणाला, "म्या तंबाकू थुकाया उठलो हुतो रं."

म्हणजे पोरगा पडला तेव्हा म्हाताऱ्याचं तोंड दाराकडे होतं. त्याने पडणं पाहिलंच नव्हतं. थुंकून आत वळला तेव्हा पोरगा पालथा होता, आणि तेवढंच धरून तो इतके दिवस भांडत होता.

पोरगा उठला. डाव्या हाताने मागची धूळ झटकली आणि बापासाठी न थांबता रस्त्याला लागला. म्हाताऱ्याला फरशीवरून उठता येईना, गुडघे धरले होते. मी त्याला हाताला धरून उठवलं, त्याने उठवू दिलं. त्या क्षणी मला वाईट वाटलं ते या म्हाताऱ्याचं वाटलं, त्या पोराचं नाही. तसं वाटलं याचा मला अजून राग येतो.